बंदूक काही सोडत नाही, सोडतो आपण

कोविडच्या वेळी आमच्या लालबागच्या चाळीत जिन्यापाशी एकजण टेंपरेचर गन घेऊन बसायचा, आणि आज्जी दर वेळी मनगट पुढे करायची, कपाळावर नको रे बाबा, त्याची किरणं मेंदूत जातात. तेव्हा मला नीट समजावता आलं नाही, ते आजही मनात राहिलंय, म्हणून लिहितोय.

ती गन ताप मोजायला आपल्यावर काही सोडतच नाही. काहींना लाल लेझरचा ठिपका असतो तो फक्त नेम धरायला. किरणं सोडत असते ती आज्जी. म्हणजे मी, तुम्ही, भिंत, ताटातली भाकरी, सगळेच. कुठलीही वस्तू घ्या, तिच्यातले अणू-रेणू सतत थरथरत असतात, त्यांच्यातला विद्युतभार हलतो, आणि भार असा हलला की लहर निघते. कातडी साधारण ३३ डिग्रीला असते, तिच्या लहरींचा जोर साडेनऊ मायक्रॉन लांबीच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आपले डोळे लाल रंगाच्या पुढे म्हणजे ०.७ मायक्रॉनच्या पुढे जवळपास आंधळे. तवा २०० डिग्रीला गेला तरी अंधारात दिसत नाही तो त्यामुळेच, पण जवळ गेलं की गालाला, तळव्याला कळतं. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० साली प्रिझममधून ऊन पाडून लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला तर पारा वर चढला. केवढी साधी गोष्ट, आणि केवढी मोठी!

गनच्या आत थर्मोपाइल असतो, एक पातळ काळा पडदा आणि त्याला लागून दोन वेगवेगळ्या धातूंचे बारीक सांधे. किरणं पडली की पडदा किंचित तापतो, सांध्यांमध्ये अगदी थोडं व्होल्टेज येतं, त्यावरून आकडा निघतो. गनला स्वतःचं तापमानही माहीत असावं लागतं, म्हणून एसीतून बाहेर दमट उकाड्यात आणून लगेच वापरली की चुकते.

खरी गंमत स्टीलची. परवा गॅसवर स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळत होतं, मी स्वयंपाकातली गन पातेल्याच्या बाजूवर धरली तर बेचाळीस! आई म्हणाली, अरे बिघडलंय तुझं यंत्र. बिघडलं नव्हतं, चकचकीत धातू स्वतः फार कमी उत्सर्जन करतो आणि समोरच्याचं परावर्तित करतो, म्हणजे गनला त्यात ओट्यासमोरची भिंत आणि मीच दिसत होतो. मग गॅस बंद करून पातेलं पुसलं, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, जरा थांबलो आणि त्यावर गन धरली तर एक्क्याण्णव, आणि शेजारच्या उघड्या स्टीलवर अजून चाळिशीतच. एकच पातेलं बरं का. आईने दोन्हीकडे स्वतः धरून पाहिलं, परत परत.

आता दही लावताना आई गन पातेल्यावर नाही, वरून सरळ दुधावर धरते, साय बाजूला सारून, चाळीसला आलं की विरजण घालते.