डोकं उघडं आणि माणूस जागा: दुखत नाही का?

फिट्सच्या, म्हणजे अपस्माराच्या, शस्त्रक्रियेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. कवटी उघडलेली असताना माणसाला जागं का ठेवतात? पूर्ण भूल देऊन का उरकत नाहीत? आणि दुखत नाही का? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

आधी दुखण्याचं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते डोक्याच्या कातडीला, हाडावरच्या पातळ आवरणाला आणि मेंदूभोवतीच्या जाड पडद्याला, म्हणजे ड्युराला. म्हणून कपाळापासून मानेच्या मागपर्यंत, दोन्ही बाजूंच्या सहा-सहा नसांभोवती ब्युपिव्हाकेनसारखं बराच वेळ टिकणारं बधिर करणारं औषध टोचतात. डोकं तीन पिनांच्या चौकटीत पक्कं बसवायचं असतं, त्या पिनांच्या जागाही बधिर करतात. चीर देणं, हाड कापणं हे सगळं होताना रुग्ण बहुधा झोपेत किंवा गुंगीत असतो. मग औषध थांबवून त्याला जागं करतात. ड्युरातल्या रक्तवाहिनीजवळ ताण बसला तर मात्र कळ येते, तेव्हा बारीक सुईने तिथेच पुन्हा औषध देतात. खरा त्रास वेगळाच असतो: तासन्‌तास एका कुशीवर न हलता पडून राहणं, खांदा अवघडणं, तहान लागणं. गाद्या आणि उशा नीट लावण्यात घालवलेला वेळ म्हणूनच वाया जात नाही.

आता जागं का ठेवायचं. जागं राहणं हा उपचार नाही. उपचार म्हणजे फिट जिथून सुरू होते तो भाग काढणं, आणि अपस्माराच्या बहुतेक शस्त्रक्रिया पूर्ण भुलीतच होतात. तो भाग बोलण्याच्या किंवा हात-पाय हलवण्याच्या जागेला लागून असेल, तरच ही खटपट करायची. बोलण्याच्या जागा प्रत्येकाच्या मेंदूत नेमक्या एकाच ठिकाणी नसतात. लहानपणापासून फिट्स येत असतील तर त्या आणखी सरकलेल्या असू शकतात. मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते दाखवणाऱ्या फंक्शनल एमआरआयवर एखादी जागा उजळते, पण ती गेली तर बोलणं अडेल की नाही, हे तो सांगत नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३० च्या दशकापासून हेच जाग्या रुग्णाला विचारून ठरवायला सुरुवात केली, आणि आजही यापेक्षा खात्रीची रीत नाही.

तपासणी अशी. पाच मिलिमीटर अंतरावर दोन टोकं असलेला इलेक्ट्रोड मेंदूच्या पृष्ठभागावर टेकवून ५० किंवा ६० हर्ट्झचा सौम्य प्रवाह सोडतात. सुरुवात एक-दोन मिलिअँपिअरपासून, मग हळूहळू वर. त्याच वेळी रुग्णाला चित्र दाखवतात आणि त्याने ठरलेलं वाक्य म्हणायचं असतं: ‘हे चित्र घोड्याचं.’ ‘हे चित्र’ इतकं आलं आणि घोडा आठवलाच नाही, तर ती नाव शोधण्याची जागा. तोंडच बंद पडलं, तर अडचण बोलण्याच्या क्रियेतच आहे. एका चुकीवर भरवसा ठेवत नाहीत. प्रत्येक जागा साधारण तीनदा, पण लागोपाठ नाही, तपासतात आणि नंबरची चिठ्ठी ठेवतात. म्हणूनच आदल्या दिवशीची तालीम मला फार महत्त्वाची वाटते. ज्या चित्राला रुग्ण तेव्हाच अडखळतो, ते संचातून काढून टाकायचं. दोन भाषा रोज वापरणाऱ्याची तपासणी दोन्हींत व्हायला हवी. हे आग्रहाने मागा.

बिघडतं कुठे? प्रवाह जास्त झाला की आजूबाजूच्या पेशीही पेटतात. मग चूक त्या जागेची की पसरलेल्या प्रवाहाची, हे कळत नाही. म्हणून शेजारी ईईजीची, म्हणजे मेंदूतली विद्युत हालचाल टिपणारी, पट्टी ठेवलेली असते. फिट आलीच तर बर्फासारखं थंड रिंगर लॅक्टेट (सलाईनसारखं द्रावण) थेट मेंदूवर ओततात, आणि बहुतेकदा ती तिथेच थांबते. न थांबल्यास प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा छोटा डोस देतात. पण मग रुग्ण सुस्तावतो, ईईजीही दबतो आणि तपासणी रेंगाळते. मिडाझोलामसारखी गुंगीची औषधं आधीपासून टाळतात तीही यासाठीच. लहान मुलं, झोपेत श्वास अडकणारे, सतत खोकला असलेले किंवा मुळातच नावं आठवायला अडखळणारे रुग्ण यासाठी सहसा निवडत नाहीत.

भाषेच्या जागेपासून साधारण एक सेंटिमीटर सोडून भाग काढतात, आणि काढतानाही गप्पा चालूच ठेवतात. सुजेमुळे नंतर काही दिवस, कधी काही आठवडे बोलणं अडखळू शकतं. फिटचं मूळच भाषेच्या जागेत असेल तर थोडा भाग तसाच ठेवावा लागतो आणि फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यता कमी होते. बोलणं राखायचं की फिट्स संपवायच्या, याचं उत्तर रुग्णाने शुद्धीत, शस्त्रक्रियेच्या बरंच आधी दिलेलं असावं.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट्स थांबल्या नसतील, तर अपस्माराच्या केंद्रात तपासणी करून घ्यायला उशीर करू नका. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या, शस्त्रक्रियेवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या चाचणीत, वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के आणि फक्त औषधांवरचे ८ टक्के. शस्त्रक्रियेनंतरही गोळ्या लगेच बंद होत नाहीत; त्या कधी आणि किती कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतील.