ढोलकीला पाचवा ट्रॅक: पार्किंग बँडचा प्रगती-अहवाल

मंडळी, ॲम्पचं काम मार्गी लागलं, ते आधी सांगून टाकतो. न्यूरल ॲम्प मॉडेलरवर (खऱ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल शिकणारं सॉफ्टवेअर) गिटारिस्टच्या ट्यूब ॲम्पचं मॉडेल तयार आहे. साधारण तीन मिनिटांची ठरलेली ऑडिओ फाइल ॲम्पमधून वाजवायची, बाहेर येणारा आवाज रेकॉर्ड करायचा आणि दोन्ही फाइली कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन कॉम्प्युटरवर, चढवायच्या. एरर-टू-सिग्नल रेशो, म्हणजे मूळ आवाजाच्या मानाने नकलेतली चूक, ०.०१ च्या खाली गेला. एक मॉडेल म्हणजे नॉबची एकच जागा, आणि रिव्हर्ब-डिले त्यात येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. लेटन्सीची (आवाज उशिरा येण्याची) ओरड करणाऱ्यांसाठी: ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा एक बफर (कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद. ॲम्पपासून मीटरभर लांब उभं राहिलात तरी आवाजाला तेवढाच वेळ लागतो.

आता खरी गंमत. पार्किंगमधल्या रिहर्सलचं एकच स्टिरिओ रेकॉर्डिंग असतं आणि मला त्यातून ढोलकी वेगळी हवी आहे. गाण्यातले आवाज सुटे करणारं डीझर कंपनीचं स्प्लीटर २०१९ मध्ये खुलं झालं तेव्हापासून ही हौस सुरू आहे. आता फेसबुकच्या संशोधकांचं त्याच कामाचं डीमक्स वापरतो, २०२२ मधलं, ट्रान्सफॉर्मर या प्रकारच्या न्यूरल नेटवर्कवालं. गायक झकास सुटा होतो. ढोलकीचे मात्र दोन तुकडे होतात. शाईच्या बाजूची चाट (काठावरचा टणक बोल) ड्रम्समध्ये जाते आणि डाव्या पुडीवरचा घिस्सा (हात घासून काढलेला सरकता सूर) थेट बेसमध्ये. मॉडेलच्या लेखी जगात चारच गोष्टी आहेत: गायन, ड्रम्स, बेस आणि ‘इतर’. ट्रेनिंगसाठीच्या म्युझडीबी या संग्रहातली गाणी १५०, त्यातली ट्रेनिंगची १००, वर डीमक्सवाल्यांनी स्वतःची ८०० घातली. या सगळ्याचा तोंडवळा पाश्चात्त्य पॉप-रॉकचा. खालच्या सुरात सरकत जाणारा आवाज त्याला बेस गिटारच वाटणार, त्यात मॉडेलचा काय दोष?

म्हणून मॉडेलच्या शेवटच्या लेयरमध्ये (थरात) चाराऐवजी पाच सोर्स केले, पाचवा ढोलकीचा, बाकीचे वेट्स (मॉडेलने आधीच शिकलेले आकडे) आहेत तसे ठेवले आणि फाइन-ट्यूनिंगला, म्हणजे पुढच्या शिकवणीला, बसलो. ढोलकीवाल्याला एकट्याला बसवून भजनी ठेका, लावणीचा ठेका, नुसते घिस्से, सगळं रेकॉर्ड केलं. मग हे तुकडे म्युझडीबीच्या स्टेम्समध्ये (गाण्यातल्या सुट्या ट्रॅकमध्ये) वाटेल तसे मिसळले. लावणीचा ठेका इंग्रजी रॉकवर पडला की ऐकायला भयंकर लागतं, पण ट्रेनिंगला चालतं. डीमक्सच्या मूळ ट्रेनिंगमध्येही वेगवेगळ्या गाण्यांचे स्टेम्स असेच एकमेकांत फिरवतात.

तरी रिहर्सलच्या फाइलवर सुरुवातीला हाती फारसं लागेना. घरात गाद्या-पडदे लावून घेतलेली ढोलकी कोरडी आणि पार्किंगमधली स्लॅबखाली घुमणारी, हा फरक मोठा. त्यावर उतारा म्हणजे पार्किंगचाच इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका धमाक्यानंतर जागा कशी घुमते त्याचं रेकॉर्डिंग, घेणं. मोठा फुगा फोडायचा, घुमारा रेकॉर्ड करायचा आणि ढोलकीचे सगळे तुकडे त्याच्याशी कॉन्व्हॉल्व्ह करायचे, म्हणजे गणिताने तोच घुमारा त्यांना चढवायचा. साइन स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर वाजवून मोजणं) जास्त अचूक असतो हे मान्य, पण फुग्यात मजा आहे. वॉचमनकाका मात्र पहिल्या फुग्यालाच काठी घेऊन धावत आले, आणि पुढचे फुगे त्यांनीच फोडले.

या एका बदलाने जेवढी सुधारणा झाली तेवढी लर्निंग रेटशी (मॉडेल शिकताना किती मोठी पावलं टाकतं त्या आकड्याशी) खेळून झाली नव्हती. चाट आता जवळपास स्वच्छ निघते. घिस्सा अजून अर्धवट आहे. बेसिस्ट स्थिर सूर धरून असेल तर घिस्सा ढोलकीच्या ट्रॅकवर येतो. बेसिस्टनेही बोट सरकवलं की मॉडेल गडबडतं. बेसची खालची तार ४१ हर्ट्झची, घिस्सा तिच्या थोडा वर, म्हणजे दोघांचं बिऱ्हाड एकाच मजल्यावर. इथे मॉडेलला जास्त लांबीचा तुकडा ऐकवून बघणार आहे, कारण ठेक्याचं आवर्तन पूर्ण ऐकल्याशिवाय घिस्सा कधी पडणार हे माणसालाही सांगता येत नाही.

माझं मत विचाराल तर आयतं मोठं मॉडेल शोधत बसण्यापेक्षा आपल्या वाद्याचं आणि आपल्या जागेचं तासभर नीट रेकॉर्डिंग जास्त कामाला येतं.

पुढचा नंबर पेटीचा. ती गायकाच्या सुरामागोमाग चालते, त्यामुळे कधी ‘इतर’मध्ये, कधी गायनात घुसते. कुणाकडे एकट्या पेटीचं रेकॉर्डिंग असेल तर ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल द्या. १२८ केबीपीएसची एमपीथ्री नको, तिच्यात १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक कापलेलं असतं आणि मॉडेल तेच पेटीची खूण समजून बसतं.