नवीन बांधकाम आणि पावसाचं पाणी

एखाद्या मोकळ्या जमिनीवर बिल्डिंगा, पार्किंग, रस्ते झाले की पाऊस तेवढाच पडतो पण पाणी मुरायला जागाच उरत नाही. साधा हिशोब बघा, १००० चौरस मीटर काँक्रीटवर ५० मिमी पाऊस म्हणजे ५०,००० लिटर पाणी, आणि त्यातलं बहुतेक सगळं लगेच वाहून खालच्या वस्तीत जातं.

म्हणून बऱ्याच ठिकाणी स्थानिक नियम असा असतो की बांधकामाआधी प्लॉटमधून जेवढ्या जोरात पाणी बाहेर पडायचं त्यापेक्षा जास्त जोर नंतर व्हायला नको. त्यासाठी साठवण तळं करतात, त्याला बाहेर पडायला मुद्दाम छोटं तोंड ठेवतात, म्हणजे पाणी तासन्‌तास हळूहळू निघतं.

मला खरी काळजी वाटते ती नंतरची. नकाशावर तळं दाखवून परवानगी मिळते, पण दोनचार पावसाळ्यात त्यात गाळ साचतो, ते छोटं तोंड पालापाचोळ्याने नि प्लास्टिकने बुजतं आणि साफ कोणी करायचं हेच ठरलेलं नसतं. माझं तर स्पष्ट मत आहे, देखभाल कोणाकडे आणि तपासणी कधी हे परवानगीतच लिहून घ्यायला हवं, आणि काम चालू असताना उघडी माती वाहून नाल्यात जाणार नाही याचीसुद्धा अट हवीच.