लोकल पार्टनर इतक्या उशिरा का आठवतो?

प्रपोजल मंजूर होतं, बजेट बसतं, यश मोजायचे इंडिकेटर ठरतात आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे, तिथली एखादी संस्था पण घ्यायला हवी. इंटरनॅशनल क्लायमेट आणि जैवविविधता प्रोजेक्टमध्ये हे इतक्या वेळा होतं की आता खरंच राग येतो. त्या संस्थेच्या वाट्याला काय येतं, तर मीटिंगला माणसं गोळा करा, फोटो काढा, रिपोर्ट पाठवा.

फिलिपिन्समधली खारफुटी लागवड बघा. बाहेरून भरपूर निधी आला, रोपंही भरपूर लावली, पण बऱ्याच ठिकाणी जगली जेमतेम १० ते २० टक्के. कारण लागवड झाली समुद्राकडच्या उघड्या चिखलात, जिथे भरतीचं पाणी इतका वेळ साचून राहतं की खारफुटी आपणहून कधी उगवतच नाही, आणि जात निवडली कांदळाची, कारण त्याच्या लांब शेंगा गोळा करून नुसत्या चिखलात खोचल्या की काम झालं, पण खारफुटी जिथे उगवते तिथेही समुद्राकडच्या पट्ट्यात मुळात वाढतात तिवर आणि चिप्पी या तिच्या दुसऱ्या जाती. खारफुटीची खरी जागा होती ओस पडलेल्या मत्स्यतळ्यांची, पण तिथे मालकीचा गुंता, तो कोण सोडवणार? कुठे काय रुजतं आणि कुठल्या तळ्यावर कुणाचा हक्क आहे, हे तिथे रोज मासे धरणाऱ्यांना विचारायला हवं, आणि तेही साइट ठरायच्या आधी.

याउलट केनियातल्या गाझी खाडीतला 'मिकोको पामोजा' हा २०१३ मध्ये सुरू झालेला प्रकल्प. सुमारे ११७ हेक्टर खारफुटीच्या कार्बन क्रेडिटचे, म्हणजे तिने शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणारे, पैसे गावाकडे येतात, आणि ते पाण्यावर खर्च करायचे की शाळेच्या पुस्तकांवर, हे गावच ठरवतं. शास्त्रज्ञ आहेतच, हवेतच, पण निर्णय गावाचा.

शेवटी गाडी पैशावरच येते. ऑफिसचं भाडं, अकाउंटंटचा पगार, ऑडिट हा खर्च मोठी संस्था ओव्हरहेड म्हणून सहज लावते आणि छोट्या पार्टनरला मात्र फक्त 'ॲक्टिव्हिटी'चे पैसे मिळतात, मग प्रोजेक्ट संपला की माणसं सोडून जातात आणि पुढच्या वेळी हेच लोक म्हणतात, यांची कपॅसिटी नाही! जीईएफचा (ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी, पर्यावरणासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी) स्मॉल ग्रँट्स प्रोग्राम १९९२ पासून स्थानिक संस्थांना थेट पैसे देतोय, म्हणजे रस्ता आहे. मोठ्या प्रोजेक्टच्या बजेटमध्येही स्थानिक संस्थेच्या नावापुढे ओव्हरहेडची ओळ पहिल्याच ड्राफ्टपासून असायला हवी.