एकास सदतीस: मुलांसोबत बोरघाटात

बोरघाट रेल्वेने चढायच्या आधी तो एकदा घरातल्या फरशीवर चढून बघावा. आमच्या बालवाचनालयातल्या पहिली ते चौथीच्या मुलांना घेऊन लोणावळ्याला जायचं ठरलं, तेव्हा आदल्या दिवशी आम्ही तेच केलं. १११ सेंटिमीटर लांबीची फळी घेतली आणि तिच्या एका टोकाखाली ३ सेंटिमीटर जाडीची वही सारली.

"ताई, ही तर सपाटच आहे!" मुलं म्हणाली. मग वरच्या टोकाला खेळण्यातली गाडी ठेवली. सोडल्याबरोबर ती आपसूक घरंगळत खाली आली. ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर, हा या घाटातला सर्वांत तीव्र चढ. गाडीत खडे भरले आणि रबरबँड लावून ती वर ओढायला सांगितली. रबर ताणताणून तुटायला आलं. दुसऱ्या मुलाने मागून बोट लावताच ते सैल पडलं. घाटात गाडीच्या मागे लावतात ते बँकर इंजिन हेच काम करतं, एवढं सांगून मी थांबले. पुढचं कर्जत दाखवणारच होतं.

सकाळी कल्याणहून निघालो. डब्यात एक सुतळी बांधली आणि मुंबईहून निघालेली आगगाडी कुठे कोणत्या साली पोहोचली, त्याचे कागद मुलांनी तिच्यावर क्रमाने अडकवले: ठाणे १८५३, कल्याण १८५४, खोपोली १८५६. पलीकडच्या टोकाला खंडाळा ते पुणे, १८५८. मधे सुतळी रिकामीच राहिली. मला नेमकी तीच दाखवायची होती. सनावळ्या मुलं पाठ करतात आणि विसरतात, पण रिकामी जागा त्यांना स्वस्थ बसू देत नाही. "मधे लोक कसे जायचे?" लगेच विचारणा झाली. पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून! मुंबईहून खोपोलीपर्यंत आगगाडी, मग घाट असा चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. १८६३ साली घाटातली लाइन सुरू झाली आणि मधली फट बुजली.

कर्जतला गाडी थांबली. आम्ही मुद्दाम मागच्या डब्यात बसलो होतो. बँकर मागून आले, सांधा जुळल्याचा खणकन आवाज झाला आणि डब्याला हलका धक्का बसला. दुसरीतल्या एका मुलीने तर्जनी पुढे करून हवेत काहीतरी ढकललं. वड्यांचे कागद हातात तसेच राहिले, कारण सगळ्यांनाच आता गाडी ढकलायची होती! पळसदरीला खोपोलीचा फाटा वेगळा होताना दिसला आणि सुतळीवरचा तिसरा कागद खिडकीला टेकवून झाला. मग बोगदे सुरू झाले. प्रत्येक बोगद्याला एक चिंचोका खिशात टाकायचा असं ठरलं होतं. लोणावळ्याला कुणाचेच आकडे जुळले नाहीत आणि त्यावरून जोरदार भांडणं झाली.

बोगद्यांची गोष्ट मात्र मी गाडीत सांगितली नव्हती. ती लोणावळ्याला एका मोकळ्या आवारात, खडीने भरलेलं घमेलं मधे ठेवून सांगितली. एकेकाने ते उचलून दहा पावलं चालायचं. निम्म्या मुलांना ते जमिनीवरून हललंही नाही. मग सांगितलं की १८६१ च्या सुमारास या घाटात ४० हजारांहून जास्त माणसं राबत होती. त्यांत बायका होत्या, तुमच्याएवढी मुलंही होती. पहारीने आणि छिन्नीने दगडाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, कड्यावर दोराने लटकून सुरुंग लावायचे. पटकीच्या साथींनी आणि अपघातांनी हजारो माणसं गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट हाती घेऊन काम तडीस नेलं. तिचं नाव निदान नोंदलं गेलं. घमेली वाहणाऱ्यांची नावं आपल्यापाशी नाहीत, हेही मुलांना सांगितलंच पाहिजे. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे झेपणार नाही असं काही पालकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. घमेलं उचललेल्या मुलाला ते बरोबर कळतं.

मग जेवण आणि नंतर खेळ. खंडाळ्याजवळ पूर्वी एक उलटफेर स्थानक होतं. कडा इतका उभा की वळण घ्यायला जागाच नव्हती. गाडी तिथे थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी पुढे चढायची. मुलांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून नेमकं तेच केलं. सगळ्यात धाकटा शेवटचा डबा होता, तो अचानक पहिला झाल्यावर त्याची कॉलर ताठ झाली.

परतीला मंकी हिलजवळ गाडी थांबली. आजूबाजूचे प्रवासी चुळबुळ करू लागले. मुलांना कारण ठाऊक होतं, कारण आवारातून निघण्याआधी फळीचा दुसरा प्रयोग करून झाला होता. उतारावर सुटलेल्या गाडीला वाटेत एका बाजूच्या उलट चढावर वळवलं की ती आपोआप थांबते. घाटातली कॅच सायडिंग हीच. गाडी ठरल्या जागी थांबून ब्रेक ठीक असल्याचं सिद्ध करते, मगच तिला मुख्य मार्गाचा रस्ता मिळतो. समोरच्या आजोबांना आमच्या चौथीतल्या मुलाने हे सगळं तळहात तिरपा धरून समजावलं.

आता नेरळला जायचं आहे. माथेरानची १९०७ ची छोटी गाडी एकास वीसचा चढ चढते, म्हणजे त्याच फळीखाली साडेपाच सेंटिमीटरचा आधार लागेल. वह्या मुलांनी मोजून ठेवल्या आहेत.