झेन अपडेट: काटा एकदाचा बसला!

काल खंबाटकी घाट चढताना माझ्या मारुती झेनचा एसी मुद्दाम चालू ठेवला. पुढे उसाचा ट्रक, आपण दुसऱ्या गिअरवर. इंजिनच्या तापमानाचा काटा निम्म्याच्या जरा खाली बसला तो माथ्यापर्यंत हलला नाही. तीन रविवार गेले, पण गेले ते सत्कारणी.

फ्लशिंगचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची वाट आतून धुण्याचं, रामायण मागे सांगितलंच आहे. लिंबूसत्त्वाचं पाणी काळ्या चहासारखं निघालं, मग पाणी नितळ येईपर्यंत खंगाळलं, शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा. आमच्या बोअरचं पाणी गाडीत घालायचं नाही, ते बादलीलाही पांढरा थर देतं. मग हिरवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं आणि छळ सुरू झाला.

दहा मिनिटांत काटा पाऊण. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) चटका देतोय, खालचा गार. हीटर फुल, तरी वारा थंड. म्हणजे एअर लॉक, आत हवा अडकून पाणी फिरत नाही. पुढची चाकं विटांवर चढवली, होज दाबून दाबून मनगट दुखलं, बाटली कापून केलेलं नरसाळं रेडिएटरच्या तोंडावर बसवलं. बुडबुडे यायचे, थांबायचे, काटा पुन्हा वर. ओळखीच्या मिस्त्रींचं एकच पालुपद: "थर्मोस्टॅट काढून फेका, साहेब." नाही फेकणार. पाणी तापल्यावरच उघडणारी ही झडप नसेल तर इंजिन कायम गार चालतं आणि पेट्रोल जास्त पितं.

तिसऱ्या रविवारी, यावेळी बसवलेला नवा थर्मोस्टॅट आणि काढलेला जुना शेजारी ठेवले तेव्हा ट्यूब पेटली. जुन्याच्या चकतीला एक छोटं भोक, त्यात लुडबुडणारी पिन. नव्याला भोकच नाही! भरताना अडकलेली हवा त्या भोकातून वर निसटते. भोक नसेल तर झडपेखाली हवेचा फुगा बसतो. आतल्या मेणाला गरम पाणी लागतच नाही, मग झडप उघडणार कशी? आणि दुकानदार म्हणाला होता, "सेम टू सेम आहे."

म्हटलं नव्यालाच दोन मिलिमीटरचं भोक पाडू. ड्रिल हातात घेतल्यावर सुचलं, जुना खरंच बिघडलाय का? दुधाच्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवला. त्यावर 82 कोरलंय, आणि साधारण 83 ला झडप उघडली. ठणठणीत! पिन वरच्या बाजूला ठेवून बसवला, गॅस्केट नवं. नरसाळ्यात कूलंट ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुड बुडबुड, मग रेडिएटरचा पंखा लागला, म्हणजे गरम पाणी तिथवर पोचलं. बिल्डिंगखाली एकटाच टाळ्या वाजवत होतो.

काढलेला कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये आहे. चव गोड असते, कुत्री चाटतात आणि मरतात, तो उघड्यावर ओतू नका.

आता रेडिएटर कॅप बदलणार होतो, पण हे लिहिताना वाटतंय, हीटर अजून कोमटच आहे. म्हणजे हीटर कोअरमध्ये (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) गाळ असणार. आधी त्याचे दोन्ही पाइप सोडून उलट्या बाजूने पाणी मारतो, कॅप नंतर. पातेलं मात्र बायकोने गॅरेजच्या सामानात टाकलंय, नवं आणायचंय.