कार्ड विकणं थांबवलं आणि धंदा मार्गी लागला

२००३ च्या सुमारास नाशकात संगणक जोडून देणारी दुकानं गल्लोगल्ली झाली होती, आमचं त्यातलंच एक. एका मशीनमागे जे सुटायचं त्यातून दुकानाचं भाडं आणि हेल्परचा पगार भागला तरी गंगेत घोडं न्हालं असं वाटायचं. त्या दिवसांत हमखास खपणारी वस्तू म्हणजे टीव्ही ट्यूनर कार्ड. गंगापूर रोड, कॉलेज रोडला खोल्या घेऊन राहणारी मुलं वेगळा टीव्ही कशाला घेतील? कार्ड घातलं, केबलवाल्याची वायर मागे लावली, की मॉनिटरवरच मॅच. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून माल आणायचो. डबे रंगीबेरंगी आणि नावं वेगवेगळी असली तरी आत बहुतेक वेळा एकच बीटी ८७८ चिप निघायची, नाहीतर फिलिप्सची एसएए ७१३४.

कार्ड विकलं की दोनतीन दिवसांत ते परत यायचं. “खराब आहे, बदलून द्या.” आम्ही दुकानात लावून बघायचो तर चांगलं चालायचं. भानगड बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमधल्या देशाच्या यादीत असायची. पहिल्यांदा उघडल्यावर ते अमेरिका धरून बसायचं, म्हणजे तिथली एनटीएससी ही प्रसारणाची पद्धत, आणि आपल्याकडे पाल-बी/जी. मग चित्र काळंपांढरं येणार आणि वरखाली पळणार. कुणी नुसतं ‘पाल’ बघून त्याचाच दुसरा प्रकार, पाल-आय, घेतला तर चित्र स्वच्छ यायचं, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. बी/जी मध्ये आवाज चित्राच्या वाहक लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो आणि आय मध्ये ६ वर, त्यामुळे कार्ड भलत्याच जागी कान लावून बसायचं. शिवाय ‘अँटेना’ की ‘केबल’ हा पर्याय. अँटेना ठेवलं तर मोजकीच चॅनेल सापडायची, कारण नेहमीच्या चॅनेल-पट्ट्यांच्या मधली जी एस-चॅनेल केबलवाले वापरायचे ती त्या यादीत नव्हतीच.

आवाजाचं आणखी एक प्रकरण होतं. बऱ्याच कार्डांचा आवाज एका छोट्या वायरीने साउंड कार्डच्या लाइन-इनमध्ये जायचा. संगणकातल्या आवाजाच्या मिक्सरमध्ये लाइन-इन म्यूट असेल तर आवाज बंद. ते उघडून आवाज ऐकू आला तरी रेकॉर्डिंगचा स्रोत माइकवरच राहिलेला असला, तर गिऱ्हाईक रात्रभर सिनेमा रेकॉर्ड करून सकाळी मूकपट घेऊन दुकानात हजर! आणि त्यात टेबलावरच्या गप्पा रेकॉर्ड झालेल्या असल्या तर घरात निराळीच भांडणं.

या सगळ्यात कार्डावरचा नफा परतीच्या फेऱ्यांत जिरत होता. म्हणून आम्ही कार्ड ठेवणंच बंद केलं. कार्ड कुठूनही आणा, बसवून आणि चालू करून देण्याचे पैसे आमचे, आणि महिनाभर काही अडलं तर फोन करा. वडिलांना हे अजिबात पटलं नाही. “बसवायचे पैसे कोण देतं? ते तर फुकट करून देतात,” असं त्यांचं म्हणणं. लोकांनी मात्र दिले. पुढे आजूबाजूचे दुकानदारच त्यांची परत आलेली कार्डं आमच्याकडे धाडायला लागले, आणि त्या एका निर्णयावर आमचा जम बसला.

धाकट्या भावाला तेव्हा लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचं वेड लागलं होतं. आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं मिथटीव्ही हे टीव्ही बघायचं आणि रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर त्याने एका जुन्या पेंटियमवर चढवलं. टीव्ही पकडणारा भाग वेगळा, दाखवणारा वेगळा, अशी त्याची रचना. म्हणजे माळ्यावर एक मशीन रेकॉर्डिंग करणार आणि हॉलमधलं दुसरं नुसतं दाखवणार. ‘घरचा मीडिया सर्व्हर’ हे प्रकरण आम्हाला तिथे कळलं. पण ते बसवणं म्हणजे संयमाची परीक्षा. आधी कार्ड नोंदवायचं, मग चॅनेलचा स्रोत, मग त्या कार्डाची कुठली पिन कुठल्या स्रोताला हे जुळवायचं आणि त्यानंतर स्कॅन. क्रम चुकला की सगळं हिरवं दिसतं आणि पडदा काळाच. साध्या कार्डाचं रेकॉर्डिंग प्रोसेसरलाच पिळून करावं लागायचं, मशीन हीटरसारखं तापायचं. हॉपॉग कंपनीच्या पीव्हीआर-१५० मध्ये चित्र आवळून साठवणारा एमपेग-२ एन्कोडर कार्डावरच होता, म्हणून तो मिळेल तिथून मागवायचो.

भारनियमनाच्या त्या वर्षांत तर वीज कधी जाईल याचं वेळापत्रक छापून यायचं, आणि वीज त्यालाही जुमानायची नाही. रेकॉर्डिंग चालू असताना मशीन पडलं की फाइल तर जायचीच, वर डेटाबेसही बिघडायचा. तेव्हापासून यूपीएस नसेल तर आम्ही काम घेत नाही. यावर आजही घासाघीस होते.

मग डिजिटायझेशन आलं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही ॲनालॉग केबलची शेवटची तारीख होती, आणि दुसऱ्या टप्प्यात नाशिकसह ३८ शहरांना ३१ मार्च २०१३. त्यानंतर वायरीतून येणारं सगळं सांकेतिक झालं, ते उलगडणार फक्त केबलवाल्याचा सेट टॉप बॉक्स. घरोघरी बसवलेली आमची ट्यूनर कार्डं त्या वायरीपुरती निकामी झाली. आठवडाभर फोन थांबत नव्हता, आणि दोष जणू आमचाच.

मधला मार्ग म्हणून आम्ही बॉक्सचं कंपोझिट आउटपुट कार्डाच्या व्हिडिओ-इनला दिलं. आता चॅनेल बदलायचं काम कार्डाचं नाही, बॉक्सचं. त्यासाठी एक इन्फ्रारेड एलईडी बॉक्सच्या सेन्सरवर चिकटवायचा. सर्व्हर त्या एलईडीतून रिमोटसारखे आकडे पाठवणार. ऐकायला छान, पण १-०-५ मधला एक आकडा बॉक्सने गिळला की भक्तिगीतांच्या जागी कुस्ती रेकॉर्ड होणार. दोन आकड्यांमध्ये किती मिलिसेकंद थांबायचं हे प्रत्येक बॉक्सला वेगळं लागायचं. एका केबलवाल्याने रात्रीतून सॉफ्टवेअर बदललं आणि सगळे क्रमांकच हलले, आम्हाला ना सूचना ना निरोप. असल्या कामात जीव रमेना. नवीन कामं घेणं हळूहळू बंद केलं.

त्या वेळी आमच्या मदतीला धावून आली ती दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली ही सेवा आम्ही तोवर खेड्यापाड्याची म्हणून सोडून दिली होती. तिची बरीच चॅनेल कुलूप न लावता, साध्या एमपेग-२ मध्ये येतात. म्हणजे मध्ये बॉक्स न आणता उपग्रहाचं डीव्हीबी-एस२ कार्ड थेट डिशला जोडता येतं. महिन्याचं बिल नाही, सह्याद्री आहे, बातम्या आहेत. एकत्र कुटुंबाच्या बंगल्यात चार खोल्यांत चार टीव्ही असले तरी गच्चीवर एकच डिश पुरते.

या कामाचा अर्धा जीव गच्चीवर असतो. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. नाशकातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ ते ५८ अंशांवर. आपल्या डिश ऑफसेट पद्धतीच्या, म्हणजे सिग्नल मधोमध नाही तर खालच्या बाजूला गोळा करणाऱ्या, असल्यामुळे तबकडी दिसताना त्याहून बरीच उभी दिसते, आणि “ही तर शेजाऱ्याच्या टाकीकडे बघतेय” असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. आम्ही संगणक उघडण्याआधी साधा फ्री डिशचा बॉक्स आणि छोटा टीव्ही वर नेतो. तिथे चित्र स्थिर आलं तरच वायर खाली सोडायची. वायरीच्या टोकाच्या एफ-कनेक्टरमध्ये जाळीची एक बारीक तार मधल्या तांब्याला टेकली, की एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज मिळत नाही आणि खाली बसलेला माणूस दिवसभर ड्रायव्हर बदलत राहतो. म्हणून टोक आम्ही उजेडात धरून बघतो, मगच कनेक्टर पिळतो. त्र्यंबक रोडच्या बाजूला माकडं डिश हलवतात. तिथे दांडा भिंतीत सिमेंट भरून बसवावा लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे.

खाली संगणकावर टीव्हीहेडएंड, म्हणजे कार्डावरून आलेली चॅनेल घरभर पाठवणारं आणि रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर. ब्राउझरमधून ९९८१ पोर्टवर उघडायचं. नवशिक्याची पहिली अडचण म्हणजे कार्ड दिसतच नाही. बऱ्याच वेळा ड्रायव्हर असतो पण फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल नसते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये कुठली फाइल हवी ते नावासकट लिहिलेलं असतं, फक्त वाचायचं कष्ट घ्यायला हवेत. दुसरी म्हणजे कार्ड दिसतं पण ते चालू केलेलं नसतं, किंवा सेटिंगमधल्या युनिव्हर्सल एलएनबीच्या पोटात नेटवर्कच जोडलेलं नसतं. ते झालं की एक म्युक्स, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर येणारा चॅनेलचा गठ्ठा, हाताने भरायचा, ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. तो लागला की गाडी रुळावर. सिग्नलची टक्केवारी आम्ही बघतच नाही, कारण प्रत्येक कार्डाचं शंभर वेगळं असतं. डेसिबलमधला एसएनआर, म्हणजे सिग्नल खरखरीपेक्षा किती वर आहे ते, आणि न दुरुस्त झालेल्या ब्लॉकचा आकडा बघायचा. ब्लॉकचा आकडा कोरड्या दिवशी वाढत असेल तर श्रावणात पाऊस झोडपायला लागल्यावर पडद्यावर चौकोनच चौकोन दिसतील. ही सेवा ज्या लहरींवर येते त्या केयू-बँडला पाऊस सोसत नाही.

“चार टीव्ही म्हणजे चार ट्यूनर लागतील ना?” हा प्रश्न दर वेळी येतो. नाही लागत. ट्यूनर चॅनेल पकडत नाही, म्युक्स पकडतो, आणि एका म्युक्समध्ये पंधरा-वीस चॅनेल एकत्र येतात. आजोबा बातम्या बघतायत, आतल्या खोलीत भजन चाललंय आणि तिसरा कार्यक्रम रेकॉर्ड होतोय, हे तिन्ही एकाच म्युक्सवर असतील तर एक ट्यूनर पुरतो. म्हणून आम्ही आधी घरात कोण काय बघतं ते विचारून घेतो, ती चॅनेल कुठल्या म्युक्सवर आहेत ते मांडतो आणि मग ठरवतो. बहुतेक घरांत दोन ट्यूनर आणि दोन तोंडांच्या ट्विन एलएनबीवर काम भागतं. चार ट्यूनरचं महाग कार्ड गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारलं असतं तर आम्हाला चार पैसे जास्त सुटले असते, पण कार्ड आम्ही विकतच नाही.

कार्यक्रमपत्रिकेचा घोळ मात्र कायमचा. हवेतून येणारी माहिती अपुरी पडते, म्हणून एक्सएमएलटीव्हीची, म्हणजे कार्यक्रमांच्या वेळापत्रकाची, फाइल जोडावी लागते. त्या फाइलमध्ये वेळेपुढे +०५३० नसेल तर सर्व्हर ती ग्रिनिच वेळ धरतो आणि संध्याकाळी सातच्या बातम्या मध्यरात्री साडेबाराला रेकॉर्ड करतो. जागेचाही हिशेब सांगावा लागतो. साधं चॅनेल तासाला ढोबळमानाने एक जीबी खातं, आणि जुने भाग पुसायचा नियम लावला नाही तर डिस्क गणपतीआधीच भरते.

विंडोजवाल्यांना आम्ही बरीच वर्षं विंडोज ७ मधलं मीडिया सेंटर लावून द्यायचो, सोपं होतं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि ते गेलं. तेव्हापासून समोर पडद्यावर दाखवायला कोडी हे सॉफ्टवेअर आणि मागे टीव्हीहेडएंड. एचडीएमआय-सीईसी चालू केलं की टीव्हीचाच रिमोट चालतो, आजीला नवीन काही शिकावं लागत नाही. सह्याद्री तिला पाच नंबरवर हवा असतो, तो आम्ही पाचवरच ठेवतो. चॅनेलची मराठी नावं चौकोन-चौकोन दिसली तर फॉन्ट बदलायचा. मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी जेलीफिन, २०१८ अखेर एम्बी या मीडिया सर्व्हरपासून फुटून निघालेलं. त्याला टीव्हीहेडएंडची चॅनेलची यादी, एम३यू फाइल, दिली की झालं.

हॉटेल आणि लॉजची कामं आम्ही घेत नाही. घरात बघणं वेगळं आणि धंद्यासाठी खोल्याखोल्यांत दाखवणं वेगळं, त्याच्या परवानग्यांत आम्हाला पडायचं नाही. पैशाचं मोठं काम सोडतोस म्हणून मेहुण्याचं दर दिवाळीला बोलणं असतं.

आता नवी कामं पूर्वीइतकी नाहीत हे खरं. तरुण मंडळी ओटीटीवर, आणि जुन्या पीसीआय कार्डांना नव्या मदरबोर्डवर जागाच उरली नाही. येतात ती बहुतेक गावाकडच्या घरांची, इंटरनेट नीट नसलेली, आणि मुलगा परदेशातून पैसे भरतो अशी. त्यांचं वर्षाचं देखभालीचं ठरवून घेतो. मृगाआधी एक फेरी, त्यात कनेक्टर बदलणं आणि डिशचे नटबोल्ट आवळणं. हिशेब आणि तारखा बायको बघते. भाऊ प्रत्येक कर्नल अपडेट आधी दुकानातल्या मशीनवर तपासतो, कारण काही कार्डांचे ड्रायव्हर बाहेरून बांधलेले असतात आणि अपडेटनंतर ते नव्याने बांधावे लागतात. तेव्हा आमच्या जुन्या गिऱ्हाईकांना एवढंच सांगणं, की पडद्यावर अपडेटची सूचना आली तर ‘नंतर’ दाबा आणि दुकानात एक फोन करा.